पहिले अंतराळवीर, शेवटपर्यंत वैमानिक

२०१८ मध्ये १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी गगनयानाची घोषणा केली. २०२२ पर्यंत भारताचा माणूस भारताच्याच यानातून अंतराळात जाणार, असं तेव्हा सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयात चहाच्या वेळी हाच विषय होता. राकेश शर्मांचं नाव निघणं साहजिकच, कारण ते आपल्या हैदराबादेत शिकलेले, निझाम कॉलेजचे. त्यांच्यावरून गाडी युरी गागारिनवर आली. आमच्या सेक्शनमधल्या एका तरुण सहकाऱ्याने विचारलं की गागारिन अंतराळातच वारले ना? आश्चर्य म्हणजे तिथे बसलेल्या निम्म्या मंडळींनी माना डोलावल्या.

गागारिन अंतराळातून सुखरूप परत आले. त्यानंतर ते जवळपास सात वर्षं जगले. २७ मार्च १९६८ रोजी मॉस्कोपासून काही अंतरावर, सरावाच्या एका साध्या उड्डाणात, जुन्या दोन आसनी मिग विमानात त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. मागच्या सीटवर प्रशिक्षक होते. या घटनेला २०१८ च्या मार्चमध्ये ५० वर्षं झाली. जो माणूस सगळ्या जगाच्या आधी पृथ्वीभोवती फिरून आला, त्याच्या मागे प्रशिक्षक कशाला बसवला होता? हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून पडलेला आहे. जे वाचलं त्यातून मला त्याचं जे उत्तर सापडलं, ते मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहून देतो आहे.

शाळेपासून म्हणण्याचं कारण आमचे थोरले काका. १९६१ च्या नोव्हेंबर अखेरीस गागारिन भारतात आले होते. दिल्ली, लखनौ, मुंबई, कलकत्ता करत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते हैदराबादलाही आले. काका तेव्हा शाळकरी होते. रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी खांद्यावर बसून त्यांनी गागारिनना पाहिलं असं ते सांगायचे. नीट चौकशी केली की कळायचं, दिसली ती लष्करी टोपी आणि हलणारा एक हात. पण तेवढ्या भांडवलावर काकांनी आम्हा पोरांना वीस वर्षं गोष्टी सांगितल्या. १९८४ मध्ये राकेश शर्मा वर गेले तेव्हा मी सहावीत होतो. सगळी गल्ली शर्मांबद्दल बोलत होती आणि आमचे काका गागारिनबद्दल.

युरीचा जन्म ९ मार्च १९३४ चा, रशियाच्या स्मोलेन्स्क भागातल्या क्लुशिनो नावाच्या खेड्यातला. वडील अलेक्सेई सुतारकाम करायचे, आई आन्ना सामुदायिक शेतीच्या गोठ्यात कामाला होती. चार भावंडांत हा तिसरा. युरी सात वर्षांचा असताना, १९४१ च्या शरदात, जर्मन सैन्य गावात घुसलं. त्यांनी गागारिन कुटुंबाला घराबाहेर काढलं. परसात जमीन खणून, वर माती घालून एक खोपटं केलं होतं, जेमतेम तीन मीटर लांब आणि तेवढंच रुंद. त्यात हे सहा जण राहिले. एक-दोन महिने नव्हे, एकवीस महिने, आणि तेही रशियाच्या थंडीत. धाकटा बोरिस पाच-सहा वर्षांचा असेल. एका जर्मन सैनिकाने त्याला गळ्यातल्या मफलरने सफरचंदाच्या झाडाला टांगलं. आई वेळेवर धावली म्हणून पोर वाचलं. थोरला भाऊ आणि बहीण यांना १९४३ मध्ये जर्मन धरून घेऊन गेले. ती दोघं युद्ध संपल्यावर परतली, तोवर घरच्यांनी त्यांची आशा सोडली होती.

याच दिवसांत गावाजवळ एक मोडकं सोव्हिएत लढाऊ विमान उतरलं. त्याच्या वैमानिकाला न्यायला दुसरं विमान आलं. गावातली पोरं धावत गेली, त्यांत युरीही होता. विमानाचं वेड तिथे लागलं असं त्याच्या सगळ्या चरित्रांत येतं. असेलही. पण मला ते पटतं ते वेगळ्या कारणाने. ज्याने वर्षा-दोन वर्षांचं बालपण जमिनीखाली काढलं, त्याला आभाळाची ओढ लागली तर त्यात नवल ते काय?

युद्धानंतर कुटुंब जवळच्या ग्झात्स्क गावी राहायला गेलं. घरची स्थिती बेताची. सोळाव्या वर्षी युरीने घर सोडलं आणि मॉस्कोजवळच्या ल्युबेर्त्सी इथे शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी धरली. दिवसा फाउंड्रीत काम आणि संध्याकाळी रात्रशाळा. १९५१ मध्ये तो ओतकामाचा कसबी कामगार म्हणून उत्तम शेऱ्याने पास झाला आणि व्होल्गा नदीकाठच्या साराटोव्ह शहरातल्या औद्योगिक तंत्रविद्यालयात दाखल झाला. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकसारखीच ती संस्था. १९५५ मध्ये तिथून तो फाउंड्रीची पदविका घेऊन बाहेर पडला.

इथे मला थोडं स्वतःचं बोलू द्या. मीही डिप्लोमावाला, मेकॅनिकलचा. आमच्या पॉलिटेक्निकमध्ये मोल्डिंग शॉपचा तास असायचा. ओली वाळू चाळायची, पेटीत भरून ठोकायची, पॅटर्न अलगद उचलायचा. उचलताना हात जरा थरथरला की साच्याची कड ढासळते आणि सगळं पहिल्यापासून. डिप्लोमाला आपल्या समाजात काय किंमत असते ते ज्याने केला त्यालाच ठाऊक. लग्नाच्या बायोडाटात इंजिनियर लिहायचं, आणि समोरच्याने बी.ई. का म्हणून विचारलं की विषय बदलायचा. त्या काळात मला कुठल्याशा पुस्तकात कळलं की अंतराळात गेलेला पहिला माणूस फाउंड्रीचा डिप्लोमाधारक होता. तो दिवस मी विसरलेलो नाही.

साराटोव्हला असतानाच युरीने तिथल्या एअरो क्लबमध्ये नाव घातलं. खर्चाला पैसे हवेत म्हणून व्होल्गाच्या धक्क्यावर हमालीही केली. १९५५ मध्ये याक-१८ या छोट्या शिकाऊ विमानातून त्याने एकट्याने उड्डाण केलं. त्याच वर्षी हातात पदविका असूनही कारखान्यात न जाता तो ओरेनबर्गच्या हवाई दलाच्या शाळेत भरती झाला.

तिथे तो जवळजवळ नापास झाला होता. उडवायचा चांगला, पण उतरवायचं जमेना. विमान नाक खाली घालून टेकायचं. शाळेतून नाव काढायची वेळ आली. तेव्हा एका अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की हा पोरगा बुटका आहे, उंची १५७ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट दोन इंच, आणि त्याला काचेतून धावपट्टी नीट दिसतच नाही. सीटवर एक जाडसर उशी ठेवली आणि उतरणं सुधारलं. उशीची ही गोष्ट मला फार आवडते. कितीतरी मुलं नालायक ठरवली जातात आणि मुळात त्यांना फक्त उशी हवी असते.

१९५७ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. त्याच महिन्यात ओरेनबर्गच्या व्हॅलेंटिना गोर्याचेवा यांच्याशी युरीचं लग्न झालं. पुढच्याच महिन्यात शाळा पूर्ण झाली. नेमणूक मिळाली ती थेट उत्तर ध्रुवाकडे, नॉर्वेच्या सीमेजवळ लुओस्तारी इथे. हिवाळ्यात तिथे कित्येक आठवडे सूर्य दिसत नाही. अशा ठिकाणी मिग-१५ उडवत दोन वर्षं गेली. थोरली मुलगी येलेना त्याच काळातली.

१९५९ मध्ये डॉक्टरांची पथकं हवाई तळांवर फिरू लागली. नव्या प्रकारचं विमान उडवायचं आहे, एवढंच वैमानिकांना सांगण्यात आलं. यानातली जागा लहान, म्हणून उंची आणि वजन यांवर मर्यादा. जी बुटकी उंची ओरेनबर्गला आड आली होती तीच इथे कामी आली. हजारो वैमानिकांच्या फायली चाळून शेवटी वीस जण निवडले. या मोहिमेचे मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव्ह. त्यांचं नावही तेव्हा जगाला माहीत नव्हतं. उमेदवारांना यान पहिल्यांदा दाखवलं तेव्हा गागारिन बूट काढून आत शिरले. आपण देवळात शिरतो तसेच. कोरोल्योव्हना ते भावलं म्हणतात. सोबतच्या उमेदवारांना विचारण्यात आलं की पहिल्यांदा कोण जावा, तेव्हा बहुतेकांनी गागारिनचंच नाव लिहिलं. मला वाटतं, बरोबरीच्या माणसांचं हे मत कोणत्याही वैद्यकीय चाचणीपेक्षा मोठं आहे.

१२ एप्रिल १९६१ ची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सकाळी मॉस्कोच्या वेळेनुसार ९ वाजून ७ मिनिटांनी बायकोनूरहून व्होस्टोक-१ सुटलं. निघताना त्यांनी चला निघालो अशा अर्थाचा एक साधा शब्द उच्चारला, एखाद्या ट्रक ड्रायव्हरने म्हणावा तसा. पृथ्वीभोवती एक फेरी, जास्तीत जास्त ३२७ किलोमीटर उंची, एकूण १०८ मिनिटं. परत येताना यानाचे दोन भाग वेळेवर सुटे झाले नाहीत आणि यान गरगरू लागलं. शेवटी ते मोकळं झालं. सुमारे सात किलोमीटर उंचीवर गागारिन सीटसह बाहेर फेकले गेले आणि स्वतःच्या पॅराशूटने एका शेतात उतरले. शेतात एक आजी आणि तिची नात होती. केशरी पोशाख, पांढरं शिरस्त्राण घातलेला माणूस आकाशातून येताना पाहून दोघी घाबरल्या.

ते उतरले ती जागा साराटोव्ह भागातली, व्होल्गाकाठची. म्हणजे सहा वर्षांपूर्वी ज्या आकाशात ते याक-१८ चालवायला शिकले, पृथ्वीला वळसा घालून त्याच आकाशातून ते खाली आले.

यान आणि वैमानिक वेगवेगळे उतरले ही गोष्ट सोव्हिएत सरकारने कितीतरी वर्षं लपवून ठेवली. विक्रमाच्या नियमानुसार वैमानिक विमानासोबतच उतरायला हवा होता म्हणून. लपवण्यासारखं त्यात काय होतं, मला आजही समजत नाही. सात किलोमीटरवरून उडी मारणं हे काय कमी धाडसाचं?

पण या उड्डाणातली एक बाब क्वचितच कुणी सांगतं. व्होस्टोक पूर्णपणे आपोआप चालत होतं. वजनविरहित अवस्थेत माणसाचं डोकं ठिकाणावर राहील की नाही याची डॉक्टरांना खात्री नव्हती, म्हणून हाताने चालवायची यंत्रणा कुलूपबंद होती. तिचा तीन आकडी संकेत, १२५, बंद पाकिटात ठेवला होता. वेळ आलीच तर पाकीट फोडायचं. एकापेक्षा अधिक जणांनी तो आकडा गागारिनना आधीच कानात सांगून टाकला होता, हा भाग वेगळा. पाकीट फोडायची वेळ आली नाही. म्हणजे जगाच्या इतिहासातलं सर्वांत मोठं उड्डाण झालं आणि वैमानिकाने सुकाणू हातात धरलंच नाही. हाडाच्या वैमानिकाला ही गोष्ट आतून खुपत असणार, असा माझा अंदाज आहे.

पुढची काही वर्षं हारतुऱ्यांची. सिनियर लेफ्टनंट म्हणून वर गेलेले गागारिन मेजर होऊन खाली उतरले. मग देशोदेशींचे दौरे, मेजवान्या, भाषणं. आपल्याकडे आले तेव्हा पंडित नेहरूंची भेट झाली, ठिकठिकाणी सभा झाल्या. सोबत पत्नी होत्या. त्या दौऱ्याच्या फोटोंत त्यांच्या डाव्या भुवईवर एक ताजा व्रण दिसतो. भारतात येण्याआधी दोनेक महिनेच ते क्रिमियात सुट्टीवर असताना गच्चीवरून उडी मारण्याच्या भानगडीत पडले होते. कपाळाचं हाड दुखावलं होतं. त्यामागची कथा काही फारशी गौरवाची नाही. पार्ट्या, मद्य, सतत भोवती माणसं. सत्तावीस वर्षांच्या खेड्यातल्या मुलाला अख्ख्या जगाने एकदम खांद्यावर घेतलं, तर तोल थोडा जायचाच. ते सावरले हे महत्त्वाचं.

दौरे ओसरल्यावर त्यांना मॉस्कोजवळच्या अंतराळवीर प्रशिक्षण केंद्राचे उपप्रमुख करण्यात आलं. १९८४ च्या मोहिमेसाठी आपले राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा याच केंद्रात तयार झाले, आणि तोवर केंद्राला गागारिनचंच नाव देण्यात आलं होतं. पद मोठं, मान मोठा. पण विमान उडवायला मिळेना. गागारिन ही आता राष्ट्राची ठेव झाली होती. त्यांना काही झालं तर जगाला काय तोंड दाखवायचं, ही वरिष्ठांना धास्ती. शिवाय खासदारकी होती, शिष्टमंडळं होती, पत्रांचे गठ्ठे होते. विमानात बसण्याचे तास वर्षागणिक आटत गेले.

माझ्या छोट्या नोकरीत याचा एक अंश मी अनुभवला आहे. पहिली दहा-बारा वर्षं मी पंपिंग स्टेशनवर होतो. बेअरिंग जातंय की व्हॉल्व्ह अडकलाय हे दारातूनच आवाजावरून कळायचं. मग बढती मिळाली आणि टेबलावर आलो. मागच्या वर्षी तपासणीला गेलो असता एक पंप माझ्यासमोर खडखडत होता आणि मला काही उमगलं नाही. माझ्या हाताखालच्या फिटरने सांगितलं तेव्हा समजलं. बढतीने कान गेले होते. आता गागारिनचा विचार करा. त्यांच्या हाताखाली तरुण वैमानिक रोज उडत होते आणि त्यांना उड्डाणाचे धडे द्यायचे होते या न उडणाऱ्या माणसाने. स्वतः उडत नसताना दुसऱ्यांच्या उड्डाणाची जबाबदारी घेणं आपल्याला नैतिकदृष्ट्या मान्य नाही, ही त्यांची भूमिका होती आणि ती त्यांनी वरिष्ठांपुढे स्पष्ट मांडली होती.

अंतराळात पुन्हा जायचीही त्यांची तयारी सुरू होती. १९६७ च्या एप्रिलमध्ये सोयूझ-१ हे नवं यान सुटायचं होतं. त्यात व्लादिमिर कोमारोव्ह जाणार होते आणि त्यांचे राखीव होते गागारिन. ते यान पुरतं तयार नव्हतं, पाठवण्याची घाई झाली होती. परत येताना पॅराशूट उघडलं नाही आणि २४ एप्रिलला कोमारोव्ह जमिनीवर आपटून गेले. जवळचा मित्र गेला. त्यांच्या जागी आपणही असू शकलो असतो हे गागारिनना समजत होतं. त्यांना ज्यांनी घडवलं ते कोरोल्योव्ह तर त्याआधीच, १९६६ च्या जानेवारीत शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेले होते. कोमारोव्हनंतर गागारिनना अंतराळ मोहिमांतून काढून टाकण्यात आलं. लढाऊ विमान एकट्याने उडवण्याची परवानगीही मिळेना. आधी झुकोव्हस्की अकादमीतलं शिक्षण पूर्ण करा, मग बघू, असं सांगण्यात आलं.

त्यांनी ते पूर्ण केलं. १७ फेब्रुवारी १९६८ रोजी अकादमीची इंजिनियरची पदवी उत्तम श्रेणीत मिळवली. विषय होता पंख असलेल्या अंतराळयानाचा. डिप्लोमावाला वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, सगळं वैभव पायाशी असताना, रात्री जागून अभ्यास करून इंजिनियर झाला. आता अडवायला कारण उरलं नव्हतं. पण नियम म्हणजे नियम. इतक्या खंडानंतर एकट्याने मिग-१७ उडवायचं असेल तर आधी शिकाऊ विमानात प्रशिक्षकासोबत तास भरायचे. गागारिननी त्याला हरकत घेतली नाही. १३ ते २२ मार्च या दिवसांत त्यांनी अठरा उड्डाणं केली, मिळून सात तास. मागे बसलेल्या प्रशिक्षकाचं कोडं मला इथे सुटलं. एवढा मोठा माणूस, पण परत पहिलीच्या बाकावर बसायला लाजला नाही.

२७ मार्चला शेवटची चाचणी होती. ती पार पडली की त्याच दिवशी एकट्याने मिग-१७. प्रशिक्षक म्हणून रेजिमेंटचे प्रमुख कर्नल व्लादिमिर सेर्योगिन स्वतः बसले. तेही साधे माणूस नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात लढलेले, सोव्हिएत संघाचे वीर हा किताब मिळवलेले आणि चाचणी वैमानिक म्हणून नाव कमावलेले. विमान मिग-१५ यूटीआय, १९५६ मध्ये चेकोस्लोव्हाकियात बांधलेलं. पंखांखाली इंधनाच्या जादा टाक्या, त्यामुळे तीव्र कसरतींना मर्यादा. हवामान चांगलं नव्हतं. ढगांचे दोन थर होते आणि खालचा थर वैमानिकांना सांगितला होता त्यापेक्षा खाली उतरला होता.

सकाळी १० वाजून १८ मिनिटांच्या सुमारास विमान उडालं. ठरलेल्या कसरतींना किमान वीस मिनिटं लागायची. पण बारा मिनिटांतच गागारिनचा शांत आवाज रेडिओवर आला की काम संपलं, परतण्याची परवानगी द्या. परवानगी मिळाली. त्यानंतर नियंत्रण कक्षाने कितीही हाका मारल्या तरी उत्तर नाही. १० वाजून ३१ मिनिटांनी व्लादिमिर प्रांतातल्या किर्झाच गावापासून जवळ, नोवोस्योलोवो खेड्यालगतच्या बर्चच्या जंगलात विमान कोसळलं.

दुपारनंतर हेलिकॉप्टरना बर्फात काळा खड्डा दिसला. सेर्योगिन गेले हे त्याच दिवशी कळलं. गागारिनबद्दल मात्र रात्रभर एक आशा होती. कदाचित पॅराशूटने बाहेर पडले असतील, कुठेतरी जंगलात असतील. माणसं रात्रभर शोधत होती. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर एका उंच झाडाच्या फांदीला अडकलेला जॅकेटचा तुकडा सापडला. त्याच्या खिशात न्याहारीचं कुपन होतं, गागारिनच्या नावाचं. मग शोध थांबला.

अपघात का झाला? चौकशी समिती बसली, कागदपत्रांचे जवळपास तीस खंड झाले आणि सगळं गुपित म्हणून कपाटात गेलं. त्यामुळे जे व्हायचं तेच झालं. कुणी म्हणे दारू पिऊन उडत होते, कुणी म्हणे घातपात, कुणी तर म्हणे ते मेलेच नाहीत. यातलं काहीही खरं नाही. २०११ मध्ये समितीचे निष्कर्ष खुले झाले. त्यात म्हटलं आहे की बहुधा हवामानाचा फुगा चुकवण्यासाठी किंवा ढगात शिरणं टाळण्यासाठी एकदम वळण घेतलं गेलं आणि विमान हाताबाहेर गेलं. गागारिनचे मित्र अलेक्सेई लिओनोव्ह, जे अंतराळात यानाबाहेर पडून तरंगणारे पहिले, ते त्या दिवशी जवळच पॅराशूटचा सराव घेत होते. त्यांनी दोन धमाके ऐकले होते. २०१३ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की एक सुखोई विमान नेमलेली उंची सोडून खाली आलं आणि गागारिनच्या मिगच्या अगदी जवळून गेलं, त्याच्या झोताने मिग गिरकीत सापडलं. त्या वैमानिकाचं नाव त्यांनी सांगितलं नाही.

एवढं मात्र तज्ज्ञांच्या हिशोबातून दिसतं की दोघांनी शेवटपर्यंत हातपाय गाळले नव्हते. ढगांतून बाहेर आलं तेव्हा विमान सुरात होतं आणि ते वर खेचलं जात होतं. अजून दोनएक सेकंद आणि दोन-तीनशे मीटर मिळाले असते तर कदाचित वाचले असते.

आपल्या हैदराबादेत हकीमपेट आणि दुंडीगल या भागांत राहणाऱ्यांना शिकाऊ विमानांचा आवाज रोजचा आहे. अधूनमधून पेपरात एखादी बातमी येते, सरावाचं विमान पडलं, प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी. दोन कॉलम, एखादा फोटो, दुसऱ्या दिवशी विसरली जाते. युद्धात गेलेल्याचा पुतळा होतो, सरावात गेलेल्याचा सहसा होत नाही. पण सराव न करता कुणी युद्धात किंवा अंतराळात जाऊ शकत नाही. राकेश शर्मांनाही अंतराळातून आल्यावर घरी बसवलं गेलं नाही. ते पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या नाशिक विभागात मुख्य चाचणी वैमानिक होते. आपल्या देशाने त्यांना काचेच्या कपाटात ठेवलं नाही, हे मला बरं वाटतं. रशियाने गागारिनना कपाटात ठेवलं, म्हणून त्यांना उड्डाणाची सवय परत मिळवावी लागली. आधीपासून नियमित उडत असते तर वाचले असते का, हे कुणी सांगू शकत नाही. सेर्योगिन तर नियमित उडणारेच होते.

३० मार्च १९६८ ला दोघांच्या अस्थी मॉस्कोत क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या. देशाचा प्रमुख नसलेल्या माणसासाठी सोव्हिएत संघाने राष्ट्रीय दुखवटा पाळण्याची ती पहिलीच वेळ. ग्झात्स्क गावाचं नाव बदलून गागारिन ठेवलं.

अपघात झाला तेव्हा व्हॅलेंटिना हॉस्पिटलमध्ये होत्या. पदरात दोन मुली, एक नऊ वर्षांची होत आलेली, दुसरी नुकतीच सात पूर्ण केलेली. अंत्यविधी झाल्यावर त्यांच्या हाती एक पत्र देण्यात आलं. पत्र गागारिनचं होतं, पण तारीख होती १० एप्रिल १९६१ ची, अंतराळात जाण्याच्या दोन दिवस आधीची. परत आलो नाही तर द्यावं म्हणून त्यांनी ते लिहून ठेवलं होतं. ते परत आले, म्हणून पत्र सात वर्षं तसंच पडून राहिलं. त्यात त्यांनी मुलींना लाडावू नकोस, त्यांना माणूस म्हणून वाढव, माझ्या आईवडिलांना विसरू नकोस असं लिहिलं होतं. आणि आपलं आयुष्य तुला योग्य वाटेल तसं पुढे ने, माझ्या कुठल्याही बंधनात राहू नकोस असंही.

व्हॅलेंटिनांनी पुन्हा लग्न केलं नाही. २०२० मध्ये निधन होईपर्यंत त्या प्रशिक्षण केंद्राच्या त्याच वसाहतीत राहत होत्या आणि मुलाखती देत नसत. २०१८ मध्ये थोरली येलेना क्रेमलिनच्या संग्रहालयांची संचालक होती, धाकटी गालिना अर्थशास्त्र शिकवत होती.